मांडवा ते मालवण : आमची सायकलयात्रा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला गळ घातली की, तुम्ही दोघे सायकलवरून मालवणला जाऊन आलात, त्याबद्दल चार शब्द बोला. मला व्यासपीठाची सवय नाही. हळदीकुंकवाला वाण वाटायचे आणि भोंडल्याला सूर धरायचा, एवढाच माझा मंडळातला आजवरचा कार्यभाग. तेव्हा बोलण्यात काही मागेपुढे झाले तर सांभाळून घ्या.

प्रथम आपल्या चाळीत पसरलेली एक गैरसमजूत दूर करते. आम्ही कसलाही विक्रम केला नाही. २०२४ च्या जानेवारीत मी सत्तावन्न वर्षांची होते आणि हे बासष्टचे. चौदा दिवसांत आम्ही सुमारे चारशे ऐंशी किलोमीटर गेलो. कोणी तरुण मुलगा हे अंतर चार दिवसांत सहज कापील. आम्ही वाटेत पोहे खाल्ले, देवळांत बसलो, चढ आला की उतरून सायकली ढकलल्या आणि एकदा कडकडून भांडलोही. त्या भांडणाबद्दल बोलायचे म्हणूनच मी आज उभी राहिले आहे.

लहानपणी साताऱ्याला मी तासाच्या भाड्याने सायकल घेऊन शिकले होते. पुढे लग्न होऊन गिरगावात आले आणि ती विद्या ट्रंकेत गेली. हे बँकेतून निवृत्त झाले आणि घरात वर्तमानपत्र चारचारदा वाचू लागले. एक दिवस भाच्याची गिअरची सायकल दुरुस्तीसाठी आमच्या व्हरांड्यात येऊन पडली. त्यांनी ती नीट केली आणि रविवारी पहाटे चौपाटीवर घेऊन गेले. मीही मागून गेले आणि सहज म्हणून बसले. पहिल्या दोन मिनिटांत हँडल डगमगले. मग पायांना आपोआप सारे आठवले. पुढे वर्षभर आम्ही पहाटे जात होतो. दुसरी सायकल जुनीच विकत घेतली.

कोकणातून जायचे ठरले तेव्हा घरात विरोध झाला. मुलगा म्हणाला, "आई, मी गाडी करून देतो, हट्ट कशाला?" समोरच्या बिऱ्हाडातून प्रश्न आला, "या वयात?" खरा प्रश्न निराळाच होता, आणि तो आपणां सर्वजणींना ठाऊक आहे. घरात चौऱ्याऐंशी वर्षांच्या सासूबाई, त्यांचे कोण बघणार? नणंदबाई पंधरा दिवस येऊन राहिल्या म्हणून मी घराबाहेर पडू शकले. त्यांचे आभार मी जाहीरपणे मानते. सासूबाईंनी निघताना मला जवळ बोलावून एवढेच सांगितले, "त्याच्याकडे लक्ष ठेव. लहानपणापासून त्याला धाप लागली तरी तो सांगत नाही." तेव्हा मला हे बोलणे आईच्या मायेचे वाटले आणि मी ते विसरून गेले.

नवराबायकोने सायकलवरून दूरचा प्रवास करणे ही आजकालची टूम आहे असे समजू नका. फॅनी बुलक वर्कमन ही अमेरिकन बाई आणि तिचे डॉक्टर पती विल्यम हंटर वर्कमन यांनी एकोणिसावे शतक संपता संपता सिंहलद्वीपापासून उत्तर हिंदुस्थानापर्यंत सायकलींवर प्रवास केला. चौदा हजार मैलांच्या त्या प्रवासावर दोघांनी मिळून लिहिलेले पुस्तक १९०४ मध्ये निघाले. पुढे १९१२ मध्ये हीच बाई काराकोरमच्या बर्फात, स्त्रियांना मताधिकार हवा अशा मजकुराचा कागद हाती धरून उभी राहिली आणि तसे छायाचित्र तिने काढवून घेतले. तिच्या देशात घटनादुरुस्ती होऊन स्त्रियांना तो हक्क मिळाला तो आठ वर्षांनी. ती लांब घागरा घालून सायकल चालवी, हे वाचल्यावर माझ्या सदरा-पायजम्याची मला मुळीच लाज वाटेनाशी झाली.

आठ जानेवारीला पहाटे आम्ही भाऊच्या धक्क्यावरून मोटारी नेणाऱ्या मोठ्या बोटीत सायकलींसह चढलो आणि तासाभराने मांडव्याला उतरलो. तेथून अलिबाग, रेवदंडा, कोर्लई, काशीद करीत दुसऱ्या दिवशी मुरूड-जंजिऱ्याला पोचलो. आगरदांड्याला फेरीबोट धरून दिघीला उतरलो आणि दिवेआगरला गेलो. पुढे श्रीवर्धन, म्हणजे पेशवे बाळाजी विश्वनाथांचे गाव, आणि मग हरिहरेश्वर. बागमांडल्याला पुन्हा फेरीबोट, पलीकडे वेसवी, आणि तेथून केळशी. येथपर्यंत सारे ठीक चालले होते.

ज्यांनी कोकण आगगाडीतून पाहिले आहे त्यांना किनाऱ्याच्या या रस्त्याची कल्पना येणार नाही. रेवसपासून रेडीपर्यंतच्या या रस्त्याला सागरी महामार्ग म्हणतात. नाव ऐकून मोठा सरळसोट रस्ता डोळ्यांपुढे येतो, पण पुष्कळ ठिकाणी तो एका एस.टी.ने दुसरीला थांबून वाट द्यावी एवढाच आहे. सह्याद्रीतून निघालेली प्रत्येक नदी समुद्राला मिळताना खाडी होते. खाडीच्या मुखाशी गाव, नारळी-पोफळीच्या बागा आणि देऊळ. गावाच्या डोक्यावर जांभ्या दगडाचा उघडा सडा. म्हणजे गावातून निघालात की घाटीने सड्यावर चढायचे, वर थोडे सपाट जायचे आणि पुन्हा पुढच्या खाडीपर्यंत उतरायचे. नकाशावर पंधरा किलोमीटर दिसतात, पण पायांना ती तीस वाटतात. वाहने मात्र थोडी. सकाळी सहा-साडेसहाला निघालो तर तासभर कोंबडा, दूधवाला आणि शाळेला निघालेली मुले यांखेरीज कोणी भेटत नसे. जानेवारीत आंब्याला मोहोर येतो, आणि मोटारीच्या काचेतून न येणारा तो वास सायकलवर बसणाऱ्याला दिवसभर फुकट मिळतो.

आता भांडणाकडे वळते.

लग्न झाल्यापासून हे माझ्या तीन पावले पुढे चालत आले आहेत. बाजारात, लग्नकार्याला, देवळात, सगळीकडे. त्यात रागलोभ काही नाही, ती एक सवय. पुष्कळजणी हसताहेत, म्हणजे ही सवय फक्त आमच्याच घरी नाही. सायकलवरही तेच झाले. चढ आला की हे जोरात पायडल मारून निघून जायचे आणि वर झाडाखाली माझी वाट पाहायचे. मी घामाघूम होऊन पोचले की यांची विश्रांती संपलेली असे. "चला" म्हणून हे निघत. म्हणजे ज्याला दम लागला नाही त्याला विश्रांती, आणि जिला लागला तिला नाही. पाच दिवस मी हे सोसले.

सहाव्या दिवशी केळशी सोडून आडे गावाकडे जाताना चढावर माझे मागचे चाक फुस्स झाले. हे दिसेनासे झाले होते. मोबाइलला रेंज नव्हती. आणि तेव्हा माझ्या लक्षात आले की पंप, पाने, ठिगळे, सोल्यूशन, सारे यांच्या पिशवीत आहे. पैसेसुद्धा त्यांच्याच खिशात. माझ्या पिशव्यांत काय होते? दोघांचे कपडे, लाडू, औषधे आणि चहाचे सामान. सामानाची वाटणी आम्ही न बोलताच केली होती, आणि ती थेट आमच्या संसाराच्या वाटणीसारखी झाली होती.

मी सायकल ढकलीत चालू लागले. वाटेत डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक म्हातारी भेटली. तिने भारा कठड्यावर टेकला, मला पाणी विचारले आणि सारी हकीकत ऐकून घेतली. मग म्हणाली, "दादला पुढं नि तू मागं? मग दोघं निघालात कशाला?"

पाऊण तासाने हे उतारावरून परत येताना दिसले. चेहरा पांढराफटक. मधल्या फाट्यावर मी चुकीच्या रस्त्याने गेले असेन असे समजून ते दुसऱ्या वाटेने खालपर्यंत जाऊन आले होते. भीती वाटली म्हणजे पुरुषमाणसे रागावतात. "हाक का मारली नाहीस?" असे त्यांनी विचारले आणि माझा तोल सुटला. मी काय काय बोलले ते येथे सांगण्यासारखे नाही. पस्तीस वर्षांचे बोलणे मी त्या घाटीत बोलले. त्यांनी उत्तर दिले नाही. खाली बसून मुकाट्याने पंक्चर काढले. संध्याकाळी आंजर्ले, हर्णै करून मुरूडला पोचेपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

हे दापोलीजवळचे मुरूड. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. लहानपणी परीक्षेसाठी ते याच गावातून साताऱ्यापर्यंत चालत गेले, आणि वय लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, तेव्हा याच गावाने त्यांच्या घरच्यांवर बहिष्कार घातला. १८९६ चा आश्रम, १९१६ चे महिला विद्यापीठ, १९५८ चे भारतरत्न, हे सारे आपण शाळेत पाठ केलेले. पण त्या गोदूबाई, पुढे ज्यांना आपण बाया कर्वे म्हणून ओळखतो, त्यांनी 'माझे पुराण' नावाचे आत्मचरित्र लिहिले आहे, ते आपल्यापैकी कितीजणींनी वाचले आहे? थोर माणूस पुढे चालतो तो सर्वांना दिसतो. त्याच्याबरोबर चालणारीची दमछाक तिला स्वतःलाच लिहावी लागते.

त्या दिवशी रात्री वाळूत बसलो असताना हे आपण होऊन बोलले. "मी पुढे जातो ते अंगात जोर आहे म्हणून नाही. चढावर एकदा थांबलो तर पुन्हा पायडल मारता येणार नाही, अशी भीती वाटते. म्हणून एका दमात वर जातो. वर गेल्यावर दहा मिनिटे मला बोलता येत नाही. तू येईपर्यंत मी सावरलेला असतो."

भगिनींनो, पाच दिवस मी ज्याला आडमुठेपणा समजत होते ती धाप होती. सासूबाईंचे शब्द मला तेव्हा आठवले आणि अंगावर काटा आला. हे रक्तदाबाच्या गोळ्या घेतात. निघण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवले होते, त्यांनी सावकाश जा असे बजावलेही होते. तरीही त्या चढावर यांना काही झाले असते तर औषधे माझ्याजवळ होती आणि मी एक तास मागे होते. एकमेकांपासून कमीपणा लपवण्यासाठी आम्ही दोघे एकमेकांना किती धोक्यात घालीत होतो!

दुसरा दिवस विश्रांतीचा होता. त्या दिवशी आम्ही तीन नियम केले.

पहिला, जो हळू तो पुढे. मागच्याने पुढच्याला ओलांडायचे नाही. दुसरा, पंप, ठिगळे, पैसे, औषधे आणि पाणी दोघांजवळ निम्मे निम्मे. तिसरा, चढावर कोणीही एकाने "थांबू" म्हटले की दोघांनी उतरायचे, आणि कारण विचारायचे नाही.

त्याच दिवशी अंगणात बसून यांनी मला पंक्चर काढायला शिकवले. आपल्यापैकी ज्यांना हे गूढ वाटते त्यांना सांगते, शंकरपाळ्यांपेक्षा ते सोपे आहे. चाक काढायचे, पट्टीने टायरची कड उचलून ट्यूब बाहेर ओढायची. तिच्यात हवा भरून पाण्याच्या बादलीत फिरवायची, बुडबुडे येतील तेथे भोक. ती जागा पुसून कोरडी करायची, पॉलिशपेपरने घासायची, सोल्यूशन लावायचे आणि घाई न करता ते चिकट होईपर्यंत सुकू द्यायचे. मग ठिगळ दाबून बसवायचे. आणि पुष्कळजण विसरतात ती गोष्ट अशी की, टायरच्या आतून बोटे हळूच फिरवून काटा काढून टाकायचा. नाहीतर अर्ध्या मैलावर तोच काटा पुन्हा टोचतो. भांडणाचेही असेच असते, ठिगळ लावण्यापूर्वी काटा शोधावा लागतो.

पंधरा जानेवारीला मी पुढे आणि हे मागे असे निघालो. दाभोळला फेरीबोटीने वाशिष्ठीची खाडी ओलांडून धोपाव्याला उतरलो. पलीकडचा चढ आम्ही दोघांनी मिळून चालत काढला. चालता चालता बोललो. चढावर उतरून चालण्यात कमीपणा नाही, तेथेच खरे बोलणे होते. मागे राहिल्यामुळे यांना रस्त्याबरोबर आजूबाजूचेही दिसू लागले. "पक्षी किती आहेत गं येथे!" असे हे म्हणाले, तेव्हा मला हसू आले. पक्षी पहिल्या दिवसापासून होतेच.

त्या दिवशी संक्रांत होती. गुहागरला ज्यांच्या घरी उतरलो त्या बाईंनी संध्याकाळी मला हळदीकुंकवाला बसवले. माझ्याजवळ एकच सुती साडी होती, ती नेसले. दहाबाराजणी जमल्या होत्या. माझी सायकल अंगणात होती आणि तिळगूळ घेऊन जाणारी प्रत्येकजण तिची घंटी वाजवून जात होती. एका सासुरवाशिणीने हळूच विचारले, "तुम्हांला घरून सोडले कसे?" चांगला रस्ता, चांगली सायकल, गुडघे, हवा, यांतले काहीही तिने विचारले नाही. बायकांच्या प्रवासाचा पहिला चढ उंबरठ्यावरच असतो.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगते. हेदवी, मग तवसाळ ते जयगड ही शेवटची फेरीबोट, केशवसुतांचे मालगुंड, गणपतीपुळे, रत्नागिरी, पावस. कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला भलाथोरला हत्ती पाहिला. रत्नागिरी-राजापूर भागातली अशी कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आहेत. कोणी कोरली, कशासाठी कोरली, ते लोक लिहून ठेवून गेले नाहीत. उघड्या सड्यावर वारा वाहत होता, आणि आम्ही दोघे त्या हत्तीच्या कडेला अर्धा तास न बोलता बसलो. हे न बोलणे मुरूडच्या वाटेवरच्यासारखे नव्हते. मग जैतापूर, विजयदुर्ग, देवगड करीत एकवीस तारखेस मालवणला पोचलो. कुडाळहून कोकण रेल्वेने परत आलो, सायकली सामानाच्या डब्यात टाकून.

ज्यांना असे जावेसे वाटते त्यांच्यासाठी चार गोष्टी. सीटची उंची अशी ठेवा की पायडल खाली असताना टाच टेकली तर पाय सरळ व्हावा. खूप खाली बसून चालवले की गुडघे दुखतात. गिअर हलका ठेवून पाय भरभर फिरवा, जोर लावू नका. ओढणी घेणार असाल तर बांधून टाका, चाकात गेली तर मोठा अपघात होतो. सकाळी निघून अकरा-साडेअकराला थांबा आणि अंधारात कधीही चालवू नका. कुत्रा अंगावर आला तर उतरा आणि सायकल मध्ये धरून चालत जा. आणि सर्वांत अवघड गोष्ट, जी पुस्तकांत नसते : रस्त्यावर स्त्रियांसाठी सोय फार थोड्या ठिकाणी आहे. आम्हांला ती घरांतून मिळाली. कोकणात मी ज्या ज्या घराच्या पडवीशी जाऊन विचारले त्या त्या घरच्या बाईने न्हाणीघर दाखवले आणि वर कोकमसरबत दिले. पण हे उपकारावर चालावे असे नव्हे. आपल्या मंडळाने याबद्दल लिहावे, बोलावे, असे मला वाटते.

परत आल्यावर पुष्कळांनी विचारले, "काय मिळवलेत?" यांचे वजन चार किलो उतरले. माझा गुडघा कुरकुरत होता तो अजून थोडा कुरकुरतोच. सासूबाईंनी मला एकटीला गाठून विचारले, "धाप लागली का रे बाई त्याला?" मी "लागली" म्हटले, "आणि त्यांनी सांगितली." तेव्हा त्या जरा वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "मला कधी सांगितली नव्हती."

आता भाजी आणायला निघालो की जिन्याच्या तळाशी हे थांबतात आणि मला पुढे होऊ देतात. कधी विसरतात. मग कोपऱ्यावर त्यांच्या लक्षात येते आणि ते उभे राहतात. मी मुद्दाम सावकाश जाते.

शेवटी एक विनंती. आमच्या दोन्ही सायकली व्हरांड्यात रिकाम्या उभ्या असतात. दर रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही चौपाटीवर जातो. जिला शिकायचे आहे तिने यावे. हे सायकल मागून धरतील, मी पंक्चर काढायला शिकवीन. वयाची अट नाही, आणि पडल्यास कोणी हसणार नाही, कारण त्या वेळी चौपाटीवर फारसे कोणी नसतेच.